न्यूट्रॉनचं आवर्तन नाशिकपर्यंत यायला हवं

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या विमान कारखान्याच्या धावपट्टीवरून नाशिकमध्ये बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए विमान उडालं आणि सगळं शहर सुखावलं. मिगचं पर्व संपलं, सुखोईचं काम सरत आलं, आता ओझरला काय उरणार, ही काळजी इथे बरीच वर्षं बोलून दाखवली जात होती. अंबड-सातपूरच्या कितीतरी छोट्या कारखान्यांची चूल ओझरच्या ऑर्डरवर पेटते, त्यामुळे तो आनंद फक्त अभिमानाचा नव्हता, पोटापाण्याचाही होता. मला मात्र त्या दिवसापासून एक प्रश्न सोडत नाही. विमानाच्या पंखातल्या, लँडिंग गिअरमधल्या, इंजिनातल्या धातूच्या पोटात काय चाललंय, हे तो भाग न कापता बघायची सोय आपल्या देशात कुठे आहे, आणि तिथपर्यंत किती जणांना पोचता येतं?

ही सोय न्यूट्रॉनच्या, म्हणजे अणूच्या केंद्रकातल्या कणांच्या, झोतात आहे. देशात तिचं मुख्य ठिकाण एकच, मुंबईजवळच्या ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी, आणि ती १९८५ सालची आहे. माझं म्हणणं सरळ आहे. भारताने नवा, मोठा आणि बाहेरच्यांना खुला असलेला न्यूट्रॉन स्रोत उभारायचा निर्णय आता घ्यायला हवा. आणि ही मागणी फक्त भौतिकशास्त्रज्ञांवर सोडून भागणार नाही. जिथे लोखंड कापलं जातं, द्राक्षबागा पिकतात आणि धरणं बांधली जातात, अशा नाशिकसारख्या जिल्ह्यांनी ती लावून धरायला हवी.

आधी कारखान्यातलंच बघू. अंबडमधल्या कुठल्याही बऱ्यापैकी वर्कशॉपमध्ये वेल्डिंगची डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट, म्हणजे रंग वापरून भेगा शोधायची चाचणी, होते. वेल्ड केलेला भाग क्लीनरने पुसून कोरडा करतात. त्यावर लाल पेनिट्रंट फवारतात आणि दहा-पंधरा मिनिटं थांबतात. मग वरचा लाल द्रव फडक्याने टिपून काढायचा, तोही हलक्या हाताने. जोर लावला तर भेगेत शिरलेला रंगही फडक्यावर येतो आणि टेस्ट वाया जाते. शेवटी पांढरा डेव्हलपर. तो वाळत असताना सगळे वाकून बघत असतात. भेग असेल तर त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटते आणि भाग रिजेक्टच्या ट्रेमध्ये जातो. रेघ आली नाही की इन्स्पेक्टर सही करतो.

ही चाचणी स्वस्त आहे, उत्तम आहे, रोजच्या कामाला पुरते. पण ती पृष्ठभागापुरती. आतली पोकळी अल्ट्रासॉनिकने किंवा रेडिओग्राफीने सापडते. आणि तरीही एक गोष्ट या सगळ्यांतून निसटते. वेल्डचा वितळलेला धातू थंड होताना आकसू बघतो, शेजारचा थंड धातू त्याला आकसू देत नाही, आणि ही ओढाताण कायमची आत कोंडून राहते. भेग अजून पडलेलीच नसते, त्यामुळे चाचण्या पास होतात. भाग गाडीत बसतो, विमानात बसतो, पुलाला लागतो. मग हजारो हेलकाव्यांनंतर, नेमक्या त्या कोंडलेल्या ताणाच्या जागी, तो तडकतो. गणिताने या ताणाचा अंदाज बांधता येतो, पण तो अंदाज खरा की खोटा हे ताडून बघायला कधीतरी आतून मोजावंच लागतं. ताण मोजायला वापरतात तो प्रयोगशाळेतला नेहमीचा एक्स-रे पोलादात मिलिमीटरच्या अगदी छोट्या अंशापर्यंतच शिरतो. न्यूट्रॉन कित्येक सेंटिमीटर आत जातो आणि तिथल्या अणूंच्या थरांमधलं अंतर किती ताणलं किंवा दबलं गेलंय, ते सांगतो. इंग्लंडमधल्या आयसिस या न्यूट्रॉन केंद्रात एअरबसच्या पंखांसाठीच्या वेल्डिंगचा अभ्यास याच पद्धतीने झाला. रेल्वेचे रूळ आणि चाकं यांच्यावरही हेच काम जगभर चालतं. कसारा घाटातल्या चढावर आणि वळणांवर आपले रूळ काय सोसतात, हे त्या मार्गाने जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

न्यूट्रॉनला हे जमतं, कारण त्याच्यावर विद्युतभार नसतो. अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांशी त्याचं फारसं देणंघेणं नाही; तो थेट केंद्रकावरून विखुरतो. एक्स-रे इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, म्हणून जड मूलद्रव्यं त्यांना ठळक दिसतात आणि हलकी पुसट. न्यूट्रॉनचा हिशेब वेगळा आहे. शिशातून तो बऱ्यापैकी आरपार जातो, पण हायड्रोजन आणि लिथियम त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. भट्टीतून निघून मंदावलेला न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे २.२ किलोमीटर वेगाने धावतो आणि त्याची तरंगलांबी असते १.८ अँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणजे घन पदार्थातल्या शेजारच्या अणूंमधल्या अंतराच्या तोडीची. त्याची ऊर्जाही अणूंच्या थरथरण्याच्या ऊर्जेएवढीच. त्यामुळे अणू कुठे बसलेत आणि कसे हलतात, ही दोन्ही उत्तरं एकाच कणाकडून मिळतात. शिवाय न्यूट्रॉनला स्वतःचं चुंबकत्व असतं, म्हणून पदार्थातली चुंबकीय रचनाही त्याला कळते. क्लिफर्ड शल आणि बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी हे शास्त्र १९४० आणि ५० च्या दशकांत उभं केलं. नोबेल मिळायला १९९४ उजाडलं.

यातल्या ब्रॉकहाउसकडे, कॅनडातल्या चॉक रिव्हरला, एक तरुण भारतीय शिकायला होता: पी. के. अय्यंगार, पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले ते. ४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेत अप्सरा भट्टी सुरू झाली, १९६० मध्ये सायरस आली, आणि अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूट्रॉन मोजायची उपकरणं इथेच, आपल्या कारागिरांकडून बनवून घेतली. साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या एका प्रकल्पातून भारताने फिलिपिन्सला न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर दिला आणि आशियातल्या इतर देशांच्या संशोधकांना त्यावर शिकवलं. दुसऱ्यांना उपकरण बनवून देणारे आपण होतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. शाळेच्या पुस्तकात ते यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

रोजच्या आयुष्यात याचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी घ्या. ती चार्ज होताना लिथियम कुठून कुठे सरकतो, कुठे अडतो, कशाने बॅटरी लवकर म्हातारी होते, हे ती न उघडता न्यूट्रॉन दाखवतो. औषधांच्या बाबतीत तर त्याला तोडच नाही. शरीरातल्या प्रथिनाला औषधाचा रेणू कसा चिकटतो हे बहुतांशी हायड्रोजनच्या जागांवर ठरतं, आणि एक्स-रेला त्या नीट दिसत नाहीत. काचबिंदूवर दिल्या जाणाऱ्या ॲसिटाझोलामाइडची पकड कशी असते, हे न्यूट्रॉनमुळे हायड्रोजनसकट बघता आलं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत इंजिनाच्या इंजेक्टरची न्यूट्रॉन छायाचित्रं काढली गेली: धातूचं कवच जवळजवळ पारदर्शक, आतलं इंधन मात्र त्यातल्या हायड्रोजनमुळे गडद. ज्या नाशिकमध्ये एका चौकाचं नावच मायको (आताची बॉश) कंपनीवरून मायको सर्कल आहे, ज्या गावात डिझेल इंजेक्टरवर कामगारांच्या दोन पिढ्यांचे संसार उभे राहिले, तिथे ही बातमी घरोघरी पोचायला हवी होती.

सिमेंटचंही तसंच. पाणी घातल्यावर सिमेंटमध्ये जो चिकट जेल तयार होतो, तोच काँक्रीटला ताकद देतो. त्याची नेमकी घडण आणि घनता, त्यातलं पाणी न उडवता, २००७ मध्ये न्यूट्रॉन आणि एक्स-रे विखुरणीतून ठरवता आली. दिंडोरी रोडवरची मेरी ही संस्था १९५९ पासून धरणांचं काँक्रीट आणि माती तपासते आहे. कुंभमेळ्यासाठी शहरात आज जे पूल आणि रस्ते होताहेत, त्यांचं आयुष्य याच जेलवर अवलंबून आहे. न्यूट्रॉनच्या ज्ञानाचा पुढचा टप्पा मेरीसारख्या संस्थेपर्यंत उतरला पाहिजे.

पण मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती शेतीतल्या उपयोगाची. नाशिकचा द्राक्ष बागायतदार पाण्याशी जितका बारीक खेळतो तितकं दुसरं कुणी खेळत नसेल. ऑक्टोबर छाटणीनंतर किती पाणी, फुलोऱ्यात किती, मणी फुगताना किती, साखर भरताना किती कमी, याचं वेळापत्रक प्रत्येकाच्या वहीत असतं. ठिबकचा व्हॉल्व्ह दहा मिनिटं जास्त चालला तरी त्याला चुटपुट लागते. आणि इतकं सगळं करून मातीखाली नेमकं काय होतं हे त्याला माहीत नसतं. वाफसा हाताने चाचपून कळतो, मुळाशी मात्र हात पोचत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत संशोधकांनी हरभरा, मका आणि ल्युपिन या कडधान्याची रोपं छोट्या भांड्यांत, वालुकामय मातीत वाढवली. भांडं हळूहळू फिरवत त्याची न्यूट्रॉनने टोमोग्राफी केली, म्हणजे आतलं त्रिमितीय चित्र काढलं. वाळू आणि भांडं जवळपास अदृश्य. दिसतं ते पाणी. समज असा होता की मूळ पाणी ओढून घेतं, तेव्हा मुळाला लागून असलेली माती सगळ्यात आधी कोरडी पडत असणार. चित्र उलटं निघालं. माती सुकत असताना मुळाच्या अगदी लगतच्या पातळ थरात बाकीच्या मातीपेक्षा जास्त पाणी होतं. मूळ जो चिकट स्राव सोडतं, तो पाणी धरून ठेवतो. ल्युपिनवरच्या दुसऱ्या एका प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली: माती चांगली सुकल्यावर पुन्हा पाणी दिलं, तर सगळीकडची माती भिजली, पण मुळाभोवतीचा तोच थर काही काळ कोरडा राहिला. वाळलेला स्राव पटकन भिजत नाही.

बागायतदाराने हे दोनदा वाचावं. ताण देऊन पाणी सोडलं की मुळाला ते लगेच मिळतंच, हे गृहीत धरता येत नाही. अर्थात ल्युपिन म्हणजे डॉगरिज खुंटावरची थॉमसन द्राक्षवेल नव्हे, आणि स्वित्झर्लंडच्या प्रयोगशाळेतली वाळू म्हणजे निफाडची काळी माती नव्हे. काळ्या मातीत स्वतःचंच पाणी इतकं, की तिथे प्रयोगाची आखणीच वेगळी करावी लागेल. हा प्रयोग आपल्या मातीत, आपल्या खुंटावर, आपल्या पाण्याच्या क्षारांसह कुणी करायचा? तो आपणच करायचा आहे, आणि त्यासाठी न्यूट्रॉनच्या झोतासमोर आपल्या माणसाला चार-सहा दिवस मिळायला हवेत.

शेतात थेट चालणारी न्यूट्रॉनची पद्धतही आहे, आणि ती बरीच जुनी आहे. जमिनीत ॲल्युमिनियमची नळी रोवायची, तीत न्यूट्रॉनचा छोटा स्रोत आणि मोजणारं यंत्र खाली सोडायचं. वेगवान न्यूट्रॉन पाण्यातल्या हायड्रोजनवर आपटून मंद होतात. परत आलेल्या मंद न्यूट्रॉनांची मोजदाद म्हणजे त्या खोलीवरची ओल. यात किरणोत्सारी स्रोत असतो, म्हणून परवाने आणि सांभाळ यांची कटकट येते. अलीकडच्या पद्धतीत स्रोतही लागत नाही. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे हवेत आणि जमिनीत न्यूट्रॉन सतत तयार होतच असतात. शेतात खांबावर एक मोजणी यंत्र लावलं की भोवतालच्या शे-दोनशे मीटरमधली सरासरी ओल कळते. भारतातही अशी यंत्रं काही ठिकाणी बसवली गेली आहेत. धरणातल्या पाण्यावरून दरवर्षी ज्या जिल्ह्यात नगर-मराठवाड्याशी वाद होतो, तिथे अख्ख्या लाभक्षेत्राची ओल मोजणारी अशी यंत्रं असणं ही चैन नाही.

आता सोयीकडे वळतो. ध्रुव ही १०० मेगावॉटची भट्टी, ८ ऑगस्ट १९८५ ला पहिल्यांदा चालू झाली. तिच्याभोवती न्यूट्रॉन विखुरणीची उपकरणं आहेत, राष्ट्रीय सुविधा म्हणून ती चालवली जाते आणि विद्यापीठांतल्या संशोधकांना यूजीसी-डीएई कन्सॉर्शियममार्फत (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांची संयुक्त संस्था) तिथे वेळ मिळतो. तिथल्या शास्त्रज्ञांनी उभं केलेलं काम पहिल्या दर्जाचं आहे. पण ध्रुववर फक्त हेच काम नाही. औषधोपचारासाठी आणि उद्योगासाठी लागणारे समस्थानिकही तिथेच तयार होतात. भट्टी अतिशय संरक्षित आवारात आहे, आणि तशीच ती असायला हवी. पण त्यामुळे सातपूरचा एखादा इंजिनिअर सुटा भाग पिशवीत घालून तिथे जाऊ शकत नाही, हेही खरं.

अशा केंद्रांवर वेळ कसा मिळतो, ते आपल्याकडच्या कालव्यावरून चटकन कळेल. गंगापूर धरणाचं आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरावीक दिवस सोडलेलं पाणी, सुटतं तेव्हा प्रत्येकाची पाळी ठरलेली असते; अर्ज आधी, पाणी नंतर, आणि पाणी जितके तास तितकेच. न्यूट्रॉनच्या केंद्रातही तसंच. वर्षातून ठरावीक वेळा अर्ज मागवतात, जाणकार ते तपासतात, आणि निवडलेल्याला दोन-चार दिवसांचा झोत मिळतो. निष्कर्ष सर्वांसाठी जाहीर करायचे असतील तर हा वेळ सहसा फुकट असतो. कारखान्याला निष्कर्ष गुप्त ठेवायचा असेल तर पैसे भरावे लागतात. ही व्यवस्था न्याय्य आहे. आपली अडचण अशी की धरण, म्हणजे ध्रुव, एकच, तेही जुनं, आणि शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या चाऱ्या खणलेल्याच नाहीत. पाणी मुखाशी असलेल्यांना मिळतं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाला आपला अर्ज कुठे करायचा हेच ठाऊक नसतं.

धरणाच्या वयाचा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो. सायरस १९६० ला सुरू झाली आणि २०१० च्या अखेरीस बंद झाली, म्हणजे पन्नास वर्षं. ध्रुवला २०३५ मध्ये पन्नास होतील. दोन मेगावॉटची नवी अप्सरा-यू २०१८ मध्ये सुरू झाली, ही चांगलीच गोष्ट आहे, पण ती ध्रुवची जागा घेईल एवढी मोठी नाही. नवा मोठा स्रोत ठरवल्यापासून पहिला झोत मिळेपर्यंत किती काळ जातो? स्वीडनमधल्या लुंडला युरोपने आपल्या मोठ्या स्रोताचं बांधकाम २०१४ मध्ये सुरू केलं आणि दहा वर्षं उलटली तरी ते पूर्ण झालेलं नव्हतं. चीनने डोंगग्वानला २०११ मध्ये सुरुवात करून २०१७ मध्ये पहिला झोत मिळवला, आणि तो वेग अपवादात्मक होता. आज ठरवलं तरी आपल्याला २०३५ गाठणं अवघड आहे. न ठरवलं तर मधे रिकामी वर्षं येणार, आणि त्या रिकाम्या वर्षांत उपकरणांपेक्षा माणसं आधी पांगतात.

हे नुसतं भाकीत नाही. ज्या चॉक रिव्हरमध्ये अय्यंगार शिकले, तिथली एनआरयू भट्टी ३१ मार्च २०१८ ला कायमची बंद झाली. नोबेल मिळवून देणाऱ्या देशाचे संशोधक आता दुसऱ्यांच्या दारात पाळी मागतात. त्याआधी २००९ च्या मे महिन्यात तीच भट्टी गळतीमुळे वर्षाहून जास्त काळ बंद पडली, तेव्हा हाडांच्या आणि हृदयाच्या स्कॅनला लागणाऱ्या टेक्नेशियमचा जगभर तुटवडा झाला, रुग्णांच्या तपासण्या लांबल्या. समस्थानिक बनवणं म्हणजे विखुरणी नव्हे, ही वेगळी कामं आहेत. पण दोन्ही एकाच भट्टीवर टेकलेली असतात, म्हणून भट्टी थांबली की दोन्ही थांबतात.

“परदेशात जाऊन करा की प्रयोग, इथे कशाला एवढा खर्च?” असं सुशिक्षित माणसंही म्हणतात. परदेशी केंद्रांचे दरवाजे बंद नाहीत आणि आपले शास्त्रज्ञ तिथे जातातही. पण तिथली गर्दी वाढते आहे. बर्लिनची भट्टी आणि पॅरिसजवळची ऑर्फे, दोन्ही २०१९ मध्ये बंद झाल्या. त्यांचे वापरणारे ग्रेनोबल, ऑक्सफर्डशायर असे दुसरीकडे वळले. शिवाय लढाऊ विमानाचा सुटा भाग परदेशी प्रयोगशाळेत पाठवता येत नाही. ते सुरक्षेलाही मान्य नाही आणि शहाणपणाचंही नाही. ओझरला विमान बांधायचं आणि त्याच्या धातूची आतली तपासणी दुसऱ्यावर सोडायची, याला स्वावलंबन म्हणता येणार नाही.

खर्चाचं बोलू. अमेरिकेचा ओक रिजचा स्पॅलेशन स्रोत (अणुभट्टीऐवजी जड धातूवर प्रोटॉन मारून न्यूट्रॉन काढणारा) २००६ मध्ये सुमारे १.४ अब्ज डॉलरमध्ये उभा राहिला. आजच्या दराने ते १२,००० कोटी रुपयांच्या घरात जातात, आणि हा खर्च कित्येक वर्षांत विभागलेला असतो. मनमाड ते इंदूर या रेल्वेमार्गाला केंद्राने २०२४ मध्ये १८,०३६ कोटी रुपये मंजूर केले. मी त्या मार्गाचा पुरस्कर्ताच आहे, मालेगाव-धुळ्याने त्याची फार वाट पाहिली. सांगायचं एवढंच की हा आकडा देशाच्या आवाक्याबाहेरचा नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरींच्या लायगो वेधशाळेला २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. महाराष्ट्राच्या मातीत मूलभूत विज्ञानासाठी पैसा निघू शकतो, हे त्यातून दिसलं.

आणि खुली सुविधा आपल्याला चालवता येते का, हे बघायचं असेल तर पुण्याला जाताना नारायणगावला गाडी वळवावी. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी आहेत. जीएमआरटी या पूर्ण दुर्बीण-संचात अशा तीस. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिथे अर्ज करून वेळ मागतात, पारखून तो दिला जातो, आणि हे कित्येक वर्षं सुरळीत चाललं आहे. न्यूट्रॉनच्या बाबतीत वेगळं काही शिकायचं नाही.

भीतीचा मुद्दा टाळून चालणार नाही. अणू म्हटलं की लोक दचकतात. नवा स्रोत स्पॅलेशन पद्धतीचा असावा, असं मला वाटतं ते याही कारणाने. त्यात युरेनियमची साखळी-क्रिया नसते. वेग दिलेले प्रोटॉन टंगस्टन किंवा पाऱ्यासारख्या जड धातूवर आदळतात आणि प्रत्येक प्रोटॉनमागे वीसच्या आसपास न्यूट्रॉन उडतात. प्रोटॉनचा झोत थांबवला की न्यूट्रॉनही थांबतात. ज्या धातूवर मारा होतो तो किरणोत्सारी होतो आणि त्याची विल्हेवाट काळजीने लावावी लागते, हेही लोकांना स्पष्ट सांगायला हवं. नाशिकला हा संवाद अगदीच नवा नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं किरणन केंद्र २००२ पासून आहे. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून ते आलं, आणि २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला कोकणचा हापूस लासलगावहून प्रक्रिया होऊन गेला. तिथला कोबाल्ट-६० तयार होतो तोही अणुभट्टीत, न्यूट्रॉनच्या माऱ्याने. लासलगावचा दुसरा धडा मात्र बोचरा आहे. यंत्र आलं, पण कांद्याच्या साठवणुकीची साखळी त्याच्याभोवती पुरेशी उभी राहिली नाही, त्यामुळे सामान्य कांदा उत्पादकाच्या चाळीपर्यंत त्याचा फायदा जितका जायला हवा होता तितका गेला नाही. म्हणून चाऱ्यांचा आग्रह मी धरणाइतकाच धरतो.

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात प्रोटॉन त्वरकावर आधारलेल्या अशा स्रोताचा विचार आणि पूर्वतयारी बरीच वर्षं चालू आहे. तिथे इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर एक्स-रे देणारं यंत्र, आहेच, म्हणजे एक्स-रे आणि न्यूट्रॉन शेजारी शेजारी मिळतील. या विचाराला पैसा आणि तारीख हवी आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावर एका बाजूला ट्रॉम्बे, दुसऱ्या बाजूला इंदूर, आणि मधे नाशिक. दोन्हीकडे सकाळी निघालेला माणूस त्याच दिवशी पोचतो. या जागेचा फायदा घ्यायचा तर आपल्या बाजूने काही हालचाल व्हायला हवी.

ती कुठल्या मोठ्या इमारतीपासून सुरू व्हायची गरज नाही. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना, द्राक्ष बागायतदार संघ, मेरी, आणि केटीएचएम, आरवायके यांसारख्या महाविद्यालयांचे भौतिकशास्त्र विभाग यांनी मिळून एक छोटा कक्ष चालवावा. त्यात एक-दोन माणसं अशी हवीत, ज्यांना वर्कशॉपची भाषाही कळते आणि न्यूट्रॉनचीही. कारखानदार येऊन सांगेल, “हा शाफ्ट दर वेळी इथेच तुटतो.” बागायतदार सांगेल, “ताणानंतर पाणी दिलं तरी वेल चार दिवस उचल खात नाही.” त्या तक्रारीतून अर्ज कसा लिहायचा, नमुना केवढा कापायचा, कुठल्या उपकरणावर जायचं, किंवा न्यूट्रॉन नकोच, साधी अल्ट्रासॉनिक चाचणी पुरे, हे त्या माणसाने सांगायचं. एमएस्सीची मुलं त्याच्या हाताखाली शिकतील. आज ही मुलं न्यूट्रॉनविषयी परीक्षेपुरतं वाचतात आणि पुण्या-बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये जातात, कारण त्यांच्या शिक्षणाचा उपयोग आपल्याच गावात आहे हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

अशा कक्षाकडून पहिल्या वर्षी जिल्ह्यातले पाच खरे प्रश्न ध्रुवच्या वापराच्या अर्जांत गेले, तरी दिल्लीत नव्या स्रोताची फाईल उघडताना फक्त शास्त्रज्ञांच्या सह्या दिसणार नाहीत. तिच्यावर एका फोर्जिंगवाल्याची, एका बागायतदाराची आणि एका धरण अभियंत्याचीही सही असेल. खासदारांकडे मागायची गोष्ट हीच आहे: इंदूरच्या स्रोताला मंजुरी, तिच्या अंदाजपत्रकातच उद्योगांसाठी आणि जिल्हा महाविद्यालयांसाठी राखून ठेवलेला वेळ, आणि ध्रुव थांबायच्या आधी तो सुरू होईल अशी लेखी तारीख.